पावलं की मीटर

जनरल लेबरेख्त राडात्स वारला तेव्हा बर्लिनहून दोन बग्ग्या भरून माणसं आमच्या लूश्को गावात आली. काळे कोट, छातीवर पदकं, डोक्यावर टोकदार शिरस्त्राणं. कबरीपाशी उभं राहून एका कर्नलानं कागद वाचला. डेन्मार्कची लढाई वाचली, बोहेमियाची वाचली, फ्रान्सची वाचली. कुठल्या टेकडीवर किती तोफा होत्या, कुठलं पदक कधी मिळालं, कुठल्या समितीवर किती वर्षं काढली, सगळं वाचलं. पाऊण तास. आम्ही गावकरी टोप्या हातात धरून चिखलात उभे होतो.

त्या पाऊण तासात योखेन पीपकोर्नचं नाव एकदाही आलं नाही. लिझेते टेशचं तर नाहीच नाही.

योखेन माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं गप्प राहायचं ठरवलंय, तो त्याचा प्रश्न. मी मात्र गप्प बसणार नाही. कर्नलाच्या कागदात जे खरं होतं ते मी नाकारत नाही. पण जे गाळलं त्याच्याशिवाय लेबरेख्तचं आयुष्य म्हणजे तुंबा नसलेलं चाक. नुसते आरे, आणि मध्ये भोक.

लेबरेख्त चाकं करणाऱ्या सुताराचा मुलगा. त्याच्या बापाच्या हाताखाली मी काम शिकलो आणि आज त्याच पडवीत मी चाकं भरतो. म्हातारा राडात्स कमी बोलायचा, लाकूड निवडताना ते कानाशी धरून बोटानं वाजवायचा, आणि खोटं वाजलं तर जमीनदाराचं लाकूडही परत पाठवायचा. एवढी एकच हिंमत त्याच्याकडे होती.

लेबरेख्त पंधरा वर्षांचा असताना गावची सामाईक जमीन वाटली गेली. जमीनदाराचा कारभारी मोजणीला आला. आमच्याकडे तेव्हा जमीन पावलांनी मोजत. कारभारी जमीनदाराचा तुकडा मोजताना करकोच्यासारखी टांग टाकी आणि आमचा मोजताना कोंबडीसारखं पाऊल. सगळ्यांना दिसत होतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

लेबरेख्तनं पडवीतून एक नवं चाक आणलं, एका आऱ्याला लाल चिंधी बांधली आणि कारभाऱ्याच्या मागोमाग ते ढकलत निघाला. चिंधी वर आली की एक फेरा.

"काय चाललंय रे तुझं?" कारभारी म्हणाला.

"काही नाही, साहेब. तिकडे तुमची शंभर पावलं म्हणजे चाकाचे एकोणीस फेरे झाले. इकडे शंभर पावलं म्हणजे चौदाच. पाय तर तेच दिसतायत."

लोक हसले. मोकळेपणी नाही, खोकल्याआड लपवून. पण हसले. कारभाऱ्यानं ते हसू ऐकलं, आणि त्यानं चाक फोडायला लावलं. लेबरेख्तच्या हातून नाही. त्याच्या बापाच्या हातून. म्हाताऱ्यानं आपणच भरलेल्या चाकाचा एकेक आरा कुऱ्हाडीनं उडवला. नवं ओकचं लाकूड होतं. लवकर तुटेना.

लेबरेख्त माझ्या शेजारी उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "हिन्नर्क," तो म्हणाला, "कुणाच्याच पायावर नसेल असं माप पाहिजे. जमीनदाराला तेवढंच, सुताराला तेवढंच."

मी आजही म्हणतो, ते बोलणं खरं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

सतराव्या वर्षी तो तोफखान्यात भरती झाला. घोडदळात जायचं तर आडनावाआधी उमरावीचं 'फॉन' लागतं. तोफखान्यात गणित लागतं, आणि गणिताशी उमरावांच्या पोरांचं फारसं सख्य नसे. तो तोफेवर गोलंदाज झाला, हवालदार झाला, परीक्षा देऊन अधिकारी झाला. वरचे त्याला चाकवाला म्हणत. एकदा भर जेवणाच्या टेबलावर एका बड्या घरच्या कॅप्टननं विचारलं, "काय राडात्स, माझ्या बग्गीचं चाक करकरतंय, बघतोस का जरा?" लेबरेख्त म्हणाला, "चाक करकरत नसतं, साहेब. वर बसलेलं ओझं करकरतं." त्या उत्तरापायी त्याची बढती दोन वर्षं लांबली. सुट्टीवर आला की तो हा किस्सा सांगायचा आणि आम्ही मांडीवर थापा मारून हसायचो. आमचा होता तो. लूश्कोचा होता.

बोहेमियात त्यानं एक गोष्ट पाहिली. त्याच्या वरिष्ठानं डोळ्यानं अंदाज घेऊन बाराशे पावलं म्हणून सांगितलं आणि गोळे आपल्याच पायदळाच्या पाठीत पडले. शेतात पिकलेला ओट होता आणि त्यात आपलीच पोरं आडवी. कुणाचं पाऊल बाराशे? लांब टांगेच्या माणसाचं, की थकलेल्याचं? तिथून त्यानं पत्रं लिहायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं लिहीत राहिला. फ्रान्सची लढाई संपली, साऱ्या देशात मीटर आला, लेबरेख्त जनरल झाला आणि तोफांच्या मापांचं काम त्याच्याकडे सोपवलं गेलं. फुटलेल्या चाकाचा सूड त्याला सापडला.

त्यानं हुकूम काढला. यापुढे तोफखान्यात पाऊल हे माप नाही. तोफांवर अंतर लावायच्या सगळ्या नेमपट्ट्या मीटरच्या. आणि आणखी एक: अंतर सांगताना नुसता आकडा सांगायचा, पुढे मापाचं नाव घ्यायचं नाही. कारण आता दुसरं मापच उरलेलं नाही. तोफा गरजत असताना एक शब्द कमी म्हणजे एक श्वास वाचला. ज्यानं पाऊल हा शब्द उच्चारला त्याला शिक्षा.

त्या वाक्याचा त्याला भारी अभिमान. पाद्र्याच्या घरी त्यानं ते आम्हाला वाचून दाखवलं होतं.

तोफांच्या सरावासाठी त्यानं जागा निवडली तीही आमच्याच माळाची. गावाला कामं मिळाली. लक्ष्य उभारायला बापये, घोड्यांना दाणा घालायला पोरं, आणि मोडलेली चाकं माझ्याकडे. आम्ही खूश होतो. माळावर सैन्यानं पूर्वीच दगड रोवलेले होते, ओळीनं, शंभर शंभर पावलांवर एक, आणि प्रत्येकावर आकडा कोरलेला. आता माप बदललं म्हणजे दगडही हलवायला हवे होते. वसंतापासून आम्ही ऐकत होतो, दगड हलणार, दगड हलणार.

ऑगस्टात माळ जांभळा फुलतो. त्या दिवशी दुपारी मी तिसऱ्या तोफेच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली होती ती ठोकत बसलो होतो. त्या तोफेवर नेम धरायला योखेन पीपकोर्न होता, आमच्याच गावचा. फ्रान्समध्ये त्याच्या हाताखालची तोफ सर्वांत नेमकी म्हणून त्याला बिल्ला मिळालेला. हुकूम द्यायला एक कोवळा लेफ्टनंट, नावाआधी 'फॉन', मिशीला मेण. लक्ष्य विसाव्या दगडाशी उभं होतं. लेफ्टनंटनं दुर्बिणीतून दगडावरचा आकडा वाचला.

"दोन हजार!"

योखेनचा हात नेमपट्टीवर होता. तो थांबला. "साहेब, पावलं की मीटर?"

मी हातोडी खाली ठेवली. हे शब्द मी या कानांनी ऐकले.

"काय म्हणालास?"

"दगड पावलांचे होते, साहेब. म्हणून विचारतो."

"जनरलचा हुकूम वाचला नाहीस? त्या शब्दाला शिक्षा आहे. या देशात मीटर सोडून दुसरं माप उरलंय का? आकडा परत म्हण."

योखेननं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला वाटलं, हलवले असतील दगड. त्यालाही तेच वाटलं. हलवणारच होते ना! असा हुकूम काढणारा माणूस दगड तसेच ठेवील का? तोही लेबरेख्त, चाकाचा एकेक फेरा मोजणारा?

"दोन हजार," योखेन म्हणाला आणि नेमपट्टी लावली.

दोन हजार पावलं म्हणजे पंधराशे मीटर. गोळा लक्ष्यावरून गेला, माळाच्या हद्दीवरून गेला आणि पाचशे मीटर पुढे दलदलीत पडला. तिथे आमच्या बाया काळी माती कापून तिच्या विटा वाळत घालतात. हिवाळ्यात त्याच आमच्या चुलीत जळतात. इतर बाया सावलीत भाकरीला बसल्या होत्या. लिझेते टेश तेवढी उन्हात होती. एवढी ओळ लावते आणि येते, म्हणाली होती.

तिच्या नवऱ्याला, ड्रीस टेशला, तिची ओळख तिच्या लाकडी बुटांवरून पटवावी लागली. ते मीच केलेले होते.

लष्करी कोर्टात लेफ्टनंट म्हणाला, मी फक्त आकडा सांगितला, हुकमाप्रमाणे. खरंच होतं ते. नेमपट्टीवर हात कुणाचा? पीपकोर्नचा. माळ कुणाच्या ओळखीचा? पीपकोर्नच्या. मग त्याला कळायला हवं होतं. मी साक्षीला उभा राहिलो. म्हणालो, त्यानं विचारलं होतं, पावलं की मीटर. कोर्टाच्या मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सुतार ना?"

"होय, साहेब."

"मग चाकाबद्दल काही विचारलं तर सांगा."

योखेनला सहा वर्षं किल्ल्यातली कैद. लेफ्टनंटाची बदली झाली, चांगल्या गावी. निकालाचा कागद सहीसाठी लेबरेख्तकडे गेला. त्यानं खाली लिहिलं, 'योग्य.'

एकच शब्द. त्याला शब्द वाचवायची सवयच होती.

योखेनची बायको डोर्ते गावात राहिली. ती कशी राहिली ते सांगताना मला माझ्या गावाचीही लाज वाटते. ड्रीस टेशनं तिला रामराम करणं सोडलं. एवढंच केलं त्यानं. शिवी नाही, दगड नाही. पण लूश्कोत ज्याचं माणूस गेलं तो ज्याला ओळख देत नाही त्याला कुणीच ओळख देत नाही. विहिरीवर ती आली की बाया कळशी उचलत. सामाईक भट्टीवर तिच्या पिठाची पाटी कोपऱ्यात सरकवून ठेवत. आंबलेलं पीठ घेऊन ती घरी जायची. माझी बायको तिची भाकरी आमच्या चुलीत भाजून द्यायची. तेही मागल्या दारानं. आम्हीसुद्धा मागल्या दारानंच. कागदावर लिहिलेलं होतं ना, दोषी! आमच्या लोकांना आकाशातला देव दिसत नाही तितका कागद दिसतो.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात लेबरेख्त बापाच्या कबरीवर नवा दगड बसवायला आला. पाद्र्यानं बागेत टेबल मांडलं, आलुबुखाऱ्याचा केक, खरी कॉफी. दगड मीच गाडीनं आणला होता म्हणून मलाही बोलावलं. डोर्ते फाटकातून सरळ आत आली. गाईचं दूध काढून तशीच आलेली, बुटांना शेण.

"बाई, मागच्या बाजूनं या," पाद्रीण म्हणाली.

"मागच्या बाजूनं दोन वर्षं येतेय, काकू. आज पुढून." मग लेबरेख्तकडे वळली. "मी योखेन पीपकोर्नची बायको. ओळखलंत?"

लेबरेख्तनं कप खाली ठेवला. "दुर्दैवी प्रकरण. चांगला गोलंदाज होता."

"होता नाही. आहे. तुम्ही त्याला पुरलं नाहीत अजून. चालता येतं ना तुम्हाला, की नुसतं घोड्यावर?"

"डोर्ते!" पाद्री ओरडला.

"चालता येतं," लेबरेख्त म्हणाला.

"मग चला. मोजत चला. मोजणीचा फार सोस आहे म्हणतात तुम्हाला."

तो का उठला ते मला ठाऊक नाही. कदाचित आमच्यासमोर एका गुराखणीला घाबरला असं दिसू नये म्हणून. आम्ही तिघं माळावर गेलो. डोर्तेनं त्याला तिसऱ्या तोफेच्या जागी उभं केलं आणि विसाव्या दगडाकडे बोट दाखवलं. तो निघाला. शिकवलेल्या सैनिकाचं पाऊल, लांब नाही, आखूड नाही. पाठ ताठ. प्रथम तो मनात मोजत होता. बाराशेच्या पुढे ओठ हलू लागले. सोळाशेला चाल मंदावली. दगडाशी पोचून तो उभा राहिला आणि त्यानं त्यावरच्या कोरलेल्या आकड्यावर हात ठेवला.

"किती?" डोर्तेनं विचारलं.

"दोन हजार तीन."

"पावलं ना? म्हणा तो शब्द. इथे शिक्षा करायला कुणी नाही."

"पावलं."

"आता मीटरमध्ये सांगा."

"पंधराशे."

"मग वरचे पाचशे कुणाचे, साहेब? ज्यात लिझेते उभी होती ते? माझ्या नवऱ्याचे?"

वारा नव्हता. माळावर मधमाश्या गुणगुणत होत्या. लेबरेख्तचे ओठ पांढरे पडले. चाक फुटलं त्या दिवशी पडले होते तसेच.

"इथल्या मुकादमानं मला पत्र लिहिलं होतं," तो म्हणाला, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता. "दगड कधी हलवायचे म्हणून. मी समासात लिहिलं, दगड पुढच्या वर्षी, आधी माणसं शिकवा. निकालाचा कागद आला तेव्हा मला ते आठवलं होतं."

"आठवलं होतं?" माझ्या तोंडून निघालं. "आणि सही केलीस?"

"हुकूम मोडीत निघाला असता, हिन्नर्क. पुन्हा पावलं आली असती."

मी त्याला मारायला हवं होतं. मारलं नाही. पंचावन्न वर्षांची टोपी काढायची सवय हातात असते. हात मुठीत वळत नाही.

डोर्ते म्हणाली, "रडू नका. मला त्याचा उपयोग नाही. माझा माणूस घरी आणा, आणि असा आणा की ड्रीस टेशनं त्याला रामराम केला पाहिजे."

लेबरेख्त बर्लिनला गेला आणि त्यानं स्वतःविरुद्ध तक्रार केली. हे त्या कर्नलाच्या कागदात का नव्हतं? एका जनरलानं लिहून दिलं की गुन्हेगार मी आहे, माझ्यावर खटला चालवा, पीपकोर्नला सोडा. वरच्या कचेरीनं उत्तर दिलं, जनरलसाहेब थकलेत, त्यांनी हवापालट करावा. त्यानं पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, हुकूम निर्दोष आहे. हुकमात चूक असती तर तो हुकूम म्हणून निघालाच नसता. बघा ही अक्कल! त्यानं तिसऱ्यांदा लिहिलं, आणि वर्तमानपत्रात छापीन अशी धमकी दिली. तेव्हा कुठे त्यांना घाम फुटला. तिसरं उत्तर गोड होतं. जनरलसाहेबांनी आपला अर्ज मागे घ्यावा, तो चुकीचा होता असं लिहून द्यावं, म्हणजे कैदी पीपकोर्न याला दया दाखवून सोडण्यात येईल.

दया. म्हणजे गुन्हा त्याचाच, फक्त माफ.

लेबरेख्त ते पत्र घेऊन माझ्या पडवीत आला. "मी मागे घेणार नाही," तो म्हणाला. "खरं ते खरं."

"आणि योखेन?"

"तोही हेच म्हणेल. सैनिक आहे तो."

"त्याला विचारलंस?"

त्याला विचारायचं सुचलंच नव्हतं. मग मला म्हणाला, तू बरोबर चल, माझ्या एकट्याशी तो बोलणार नाही.

किल्ल्यातल्या भिंतींना खालून वर ओल चढलेली असते. योखेनलाही तशीच चढली होती, पायाकडून छातीकडे. खोकला की सगळं अंग वाकायचं. लेबरेख्तनं उभं राहूनच त्याला सगळं सांगितलं, हुकूम, समासातलं ओळभर लिखाण, तिन्ही पत्रं. योखेन शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे तुम्ही मागे घेतलं तर मी सुटतो," तो शेवटी म्हणाला.

"सुटतोस, पण दोषी म्हणून. मी ते होऊ देणार नाही, पीपकोर्न. सत्य वर येईपर्यंत मी लढेन. वर्षं लागली तरी चालतील."

"कुणाला चालतील?"

लेबरेख्त भिंतीवरच्या ओलीकडे बघू लागला.

"कुणाला चालतील म्हणतो मी!" योखेन उठला. इतका कृश माणूस इतक्या मोठ्यानं ओरडेल असं वाटलं नव्हतं. पहारेकरी दाराशी आला. "वर्षं माझी, साहेब! तुमची नाहीत. आधी तुमच्या हुकमापायी मला आत टाकलंत, आता तुमच्या खरेपणापायी आत ठेवताय. दोन्ही वेळा तुम्हीच बरोबर! मला एकदा तरी विचारलंत? मी विचारलं होतं. पावलं की मीटर, मी विचारलं होतं!"

"तुझं नाव..."

"नाव गेलं खड्ड्यात. नाही, खड्ड्यात नाही. नाव माझ्या गावात आहे, तुमच्या बर्लिनच्या कागदात नाही. तुम्हाला खरं बोलायची एवढी हौस आहे ना? तर कागदावर खोटं लिहून द्या, आणि खरं जाऊन ड्रीस टेशच्या तोंडावर बोला. बर्लिनला पत्र लिहिणं सोपं असतं. बर्लिनची बायको मेली नाही."

परतताना स्टेशनवर लेबरेख्तनं शाई मागितली आणि बाकावरच लिहिलं: मी चुकलो असं म्हणण्यात मी चुकलो. त्याची सही मोठी आणि देखणी असायची. त्या दिवशीची मी पाहिली. बारीक आणि वाकडी होती, आणि मला त्याची कीव आली नाही.

योखेन मार्चमध्ये घरी आला. डोर्तेनं त्याला आठ दिवस घरातच ठेवलं, बटाट्याचं सूप, धुरावलेली बाममासळी, दूध, चालण्याइतका केला. लेबरेख्तनं सैन्य सोडलं होतं. जाताना त्याला आडनावाआधी 'फॉन' देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही. एवढं श्रेय मी त्याला देतो. तो बापाच्या घरी राहायला आला, साध्या करड्या कोटात.

नवव्या दिवशी रविवार होता. प्रार्थना सुटली. चर्चच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत आमच्याकडे माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहून बोलतात, पाऊसपाण्याचं, डुकरांच्या भावाचं. डोर्ते आणि योखेन मधून निघाले. बोलणं बंद पडलं. एकेक पाठ फिरली. ड्रीस टेश अगदी टोकाला उभा होता, पाईप पेटवत. त्यानं योखेनकडे पाहिलं आणि काडी फेकली.

लेबरेख्त चर्चच्या पायऱ्या उतरून आला. तो भराभर चालत नव्हता. योखेनच्या पुढे जाऊन तो ड्रीससमोर उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. आमच्यापैकी कुणी जनरलाला एका विटा कापणाऱ्या माणसापुढे उघड्या डोक्यानं उभा असलेला पाहिला नव्हता.

"टेश, तुझ्या बायकोला मी मारलं," तो म्हणाला. "यानं नाही."

ड्रीस पाईप ओढत राहिला. "कागदात तसं नाही."

"कागद खोटा आहे. तो मीच लिहिला. दगड हलवायचे राहिले, ते मी राहू दिले. यानं विचारलं होतं, पावलं की मीटर. विचारायला बंदी मी घातली होती. मग हा दोषी ठरला आणि मी खाली सही केली. मला माहीत असून."

"माहीत असून?"

"माहीत असून."

ड्रीसनं पाईप दातांतून काढला, शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि जनरलच्या तोंडावर ठोसा मारला. ओली माती कापणारा हात होता तो. लेबरेख्त मागे कोलमडला आणि वाटेकडेच्या गवतात बसला. ओठ फुटला होता, दाढीवर रक्त आलं. पाद्री पायरीवर होता, तो तिथेच राहिला. चौकीचा हवालदार आमच्यातच उभा होता. त्यानं आपल्या बुटांकडे पाहायला सुरुवात केली.

ड्रीसनं पाईप परत घेतला. तो विझला होता. मग तो योखेनकडे वळला. योखेननं अंग चोरलं. त्याला वाटलं, आता आपली पाळी.

"रामराम, पीपकोर्न," ड्रीस म्हणाला. "खोकला फार दिसतो तुझा."

"आहे जरा."

"माझ्याकडे मध आहे. माळावरचा. डोर्तेला पाठव." आणि मग, जरा थांबून, थेट तिलाच: "ये गं तू. पुढल्या दारानं ये."

डोर्तेनं मान हलवली. बाजूच्या बायांपैकी कुणीतरी तिचा हात धरला, मग दुसरीनं. माणसं हळूहळू निघाली, रामराम करत, जणू काही झालंच नाही, ज्याच्या त्याच्या जेवणाकडे.

लेबरेख्त गवतातच बसला होता. त्यानं वर पाहिलं, एकेकाकडे, शेवटी माझ्याकडे. हात पुढे केला नाही, पण पाहिलं. आम्ही एका पडवीत वाढलो होतो. मी टोपी डोक्यावर घातली आणि योखेनबरोबर चालू लागलो.